कँडी केनचे पेन: टेक्ससमधली वर्गातली पार्टी आणि दहा वर्षे चाललेला खटला

पार्श्वभूमी

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो नावाचे शहर आहे. आयटीत काम करणाऱ्या मराठी मंडळींना ते नवे नाही. प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या पट्ट्यात आज मराठी घरे बरीच आहेत, आणि सरकारी शाळा चांगल्या म्हणूनच अनेकांनी तिथे घर घेतलेले असते. हे प्रकरण तिथल्याच सरकारी प्राथमिक शाळांमधले आहे. न्यायालयाच्या निकालांमधून ते तपशिलात वाचायला मिळते. मुले, पालक आणि मुख्याध्यापिका यांची नावे मात्र इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

तिथे शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्ट पाहते. तिचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते आणि खर्च मोठ्या प्रमाणात मालमत्ता करातून भागतो. डिसेंबरच्या सुट्टीआधी प्रत्येक वर्गात पार्टी होते. तिला ख्रिसमस पार्टी म्हणायचे नाही, विंटर ब्रेक पार्टी म्हणायचे. केक, चिप्स, थोडे खेळ, आणि शेवटी मुलांनी एकमेकांना दिलेल्या छोट्या पिशव्या, म्हणजे गुडी बॅग. त्यात पेन्सिल, स्टिकर, गोळ्या. पिशव्या मुलांच्या नावाने जातात, भरतात आईवडील.

कायद्याची चौकट दोन बाजूंनी आवळलेली आहे. अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती एका दमात दोन गोष्टी सांगते: सरकारने कोणताही धर्म पुरस्कृत करू नये, आणि नागरिकाच्या धर्माचरणावर व बोलण्यावर गदा आणू नये. पहिल्या भागाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतली शाळेने ठरवून दिलेली प्रार्थना बंद केली. दुसऱ्या भागाच्या आधारे १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात, शाळेत पाऊल टाकल्याने विद्यार्थी आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्य गमावत नाही, असे सांगितले. पुढे १९८८ मध्ये शाळेच्या वर्तमानपत्राच्या निमित्ताने तिसरी गोष्ट आली: जे बोलणे शाळेच्याच नावावर जाते, त्यावर शाळा बऱ्यापैकी नियंत्रण ठेवू शकते.

मग पार्टीत एका मुलाने दुसऱ्याला दिलेली पिशवी कोणाचे बोलणे? मुलाचे, शाळेचे, की ती भरणाऱ्या पालकांचे? सगळे प्रकरण या एका प्रश्नाभोवती फिरले.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या पालकाला हा वाद सुरुवातीला पोरकट वाटतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे कलम २८(१) सांगते. पण म्हणून दसऱ्याचे पाटीपूजन किंवा भिंतीवरची सरस्वती कोणाला खटकल्याचे सहसा ऐकू येत नाही. खटकले तरी बोलत कोणी नाही, ही शक्यता आपण फारशी विचारात घेत नाही. तिकडे बोलतात, आणि वकील घेऊन येतात.

समस्या

डिसेंबर २००३. तिसरीतल्या एका मुलाला पार्टीत वर्गमित्रांना कँडी केनच्या आकाराचे पेन द्यायचे होते. कँडी केन म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, वर वाकवलेली साखरेची कांडी. नाताळात ती अमेरिकेत सगळीकडे दिसते. नुसते पेन असते तर काही घडले नसते. त्याला जोडून एक लॅमिनेट केलेले कार्ड होते. कांडी उलटी धरली की येशूच्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर दिसते, पांढरा रंग पावित्र्याचा, लाल पट्टे येशूच्या रक्ताचे, अशी एक आख्यायिका त्या मिठाईभोवती सांगितली जाते आणि कार्डावर तीच छापलेली होती. इतिहासात तिला आधार सापडत नाही. अर्थात, वाद तिच्या खरेखोटेपणाचा नव्हताच.

शाळेने हरकत घेतली. धार्मिक मजकूर असलेली वस्तू वर्गातल्या पार्टीत वाटता येणार नाही, असे मुख्याध्यापिकांनी पालकांना सांगितले. पालक मुळीच बेसावध नव्हते. पार्टीआधीच त्यांनी शाळेशी बोलणी चालवली होती. पार्टीच्या दिवशी मुलगा पिशव्या घेऊन आला आणि त्याला त्या वाटू दिल्या नाहीत.

महिनाभरातच, जानेवारी २००४ मध्ये, त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या प्राथमिक शाळेत एका मुलीच्या वाढदिवसाची छोटी पार्टी होती. तिने आणलेले ब्राउनी वाटायला परवानगी मिळाली. सोबत आणलेल्या पेन्सिलींना मिळाली नाही, कारण त्यांवर ‘येशू माझ्यावर प्रेम करतो’ अशा अर्थाची ओळ होती. पुढे तक्रारीत असेही म्हटले गेले की शाळा सुटल्यावर इमारतीबाहेर त्या पेन्सिली देतानाही तिला अडवण्यात आले.

या दोन्ही हकिकती मुख्यतः फिर्यादी पालकांच्या तोंडच्या आहेत. वरच्या न्यायालयांत वाद गेला तेव्हा फिर्यादीतली हकिकत तूर्त खरी धरून फक्त कायद्याचा प्रश्न तपासला जात होता. शाळेत नेमके कोण काय बोलले, याची पुराव्यानिशी छाननी झालेली नव्हती. हे प्रकरण पुढे ज्या चवीने सांगितले गेले त्यात हा तपशील बहुतेक वेळा गळून पडला.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून पाहिले तर चार वाटा दिसतात.

पहिली, सरसकट बंदी: पार्टीत कोणीच काही वाटायचे नाही. कायद्याच्या दृष्टीने ही सर्वांत निर्धोक, आणि मुलांच्या दृष्टीने सर्वांत नीरस. पालकांची नाराजी सगळीकडून येते, पण भेदभावाचा आरोप कोणी करू शकत नाही.

दुसरी, सरसकट मोकळीक. इथे शाळेला खरी भीती असते ती दुसऱ्या पालकांची. आठ वर्षांचे ज्यू, मुस्लिम किंवा हिंदू मूल घरी येऊन कार्ड दाखवणार, आणि संध्याकाळी फोन येणार: शाळा माझ्या मुलाला हे का शिकवते? ‘शाळेने नाही, वर्गमित्राने दिले’ हे उत्तर कायद्यात बसते. फोनवर ते पटवणे अवघड असते.

तिसरी वाट मधली वाटते आणि बहुतेक जण तीच धरतात: वाटा, पण धार्मिक काही नको. प्लेनोत हेच झाले. वरवर पाहता हा निधर्मीपणा आहे. प्रत्यक्षात शाळेला प्रत्येक पिशवी उघडून आतला मजकूर वाचावा लागतो आणि हा धार्मिक, हा नाही, असा निवाडा द्यावा लागतो. सांताक्लॉजचे स्टिकर चालते, येशूच्या जन्माची खूण मानल्या जाणाऱ्या बेथलेहेमच्या ताऱ्याचे चालत नाही. म्हणजे ज्या कामापासून सरकारने लांब राहायचे, नेमके तेच काम शाळेच्या गळ्यात येते.

चौथी वाट म्हणजे मजकुराकडे बघायचेच नाही. फक्त वेळ, जागा आणि पद्धत ठरवायची. कधी वाटता येईल, कुठे ठेवता येईल, एवढेच. या वाटेला आधी बसून नियम लिहावा लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दारात उभ्या पालकासमोर, ती सुचणे कठीण.

मुख्याध्यापिकांनी तिसरी वाट धरली, त्यामागे आडमुठेपणाच होता असे मला वाटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीच्या एका प्रकरणात तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला होता. तिथेही बालवाडीतल्या मुलाने येशूचे नाव असलेल्या पेन्सिली आणि पुढच्या डिसेंबरमध्ये कार्ड लावलेल्या कँडी केन पार्टीत वाटायला आणल्या होत्या. पार्टीच्या वेळेत नको, शाळेआधी, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर वाट, असे शाळेने सांगितले, आणि न्यायालयाने ते मान्य केले. प्लेनोच्या शाळा वेगळ्या न्यायक्षेत्रात येतात, त्यामुळे तो निकाल त्यांना लागू नव्हता. पण वकिलाला विचारले असते तर त्याने बहुधा तोच पुढे केला असता. फरक एवढाच की न्यू जर्सीच्या शाळेने ‘इथे नको’ म्हणताना ‘तिथे चालेल’ हेही ठरवून दिले होते.

काय केले गेले

वर्षभर धुसफूस चालली. १५ डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे पुढच्या पार्टीच्या तोंडावर, चार कुटुंबांनी मिळून संघराज्य न्यायालयात दावा लावला. तो नुसता डिस्ट्रिक्टवर नव्हता. दोन मुख्याध्यापिकांवर वैयक्तिक नुकसानभरपाईचाही होता. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने तात्पुरता आदेश दिला आणि त्या वर्षी मुलांना पार्टीत आपल्या वस्तू वाटता आल्या.

वैयक्तिक दावा हा या प्रकरणातला सर्वांत कडवट भाग आहे. अमेरिकेत नागरी हक्कांचा भंग करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला स्वतःच्या नावावर कोर्टात खेचता येते. त्याला बचाव मिळतो तो मुख्यतः या कारणाने: ती कृती बेकायदा आहे हे त्या वेळी कोणत्याही समंजस अधिकाऱ्याला स्पष्ट कळावे इतका कायदा पक्का झालेला नव्हता. म्हणजे एकदा वैयक्तिक दावा लागला की माघार घेणे अवघड होते. ‘चुकले, पुढच्या वर्षी वाटा’ असे म्हणणेसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय शक्य राहत नाही. समेटाची जी काही खिडकी होती ती इथे बंद झाली.

डिस्ट्रिक्टने मात्र एक काम लवकर केले. २००५ मध्ये तिने वाटपाचे धोरण नव्याने लिहिले. प्राथमिक शाळेतल्या मुलांना शाळा भरण्याआधी आणि सुटल्यानंतर ३० मिनिटे, मधल्या सुट्टीत, आणि वर्षातल्या तीन ठरावीक पार्ट्यांत वस्तू वाटता येतील. इतर वेळी त्या ठरवून दिलेल्या टेबलांवर ठेवायच्या. ज्याला हव्या तो उचलेल. धार्मिक, राजकीय, दुकानाची जाहिरात, सगळ्यांना एकच नियम. चौथी वाट अखेर सापडली, पण दावा लागल्यानंतर.

दरम्यान गावगप्पांनी वेग घेतला होता. पार्टीत लाल-हिरव्या कागदी प्लेटांना मनाई, सैनिकांना पाठवायच्या कार्डांवर ‘मेरी ख्रिसमस’ लिहायला मनाई, असे आरोप होत होते. डिसेंबर २००५ मध्ये एका राष्ट्रीय वाहिनीवरच्या नामांकित निवेदकाने तर प्लेनोत मुलांना लाल-हिरवे कपडे घालायलाच बंदी असल्याचे सांगून टाकले. डिस्ट्रिक्टने ते साफ नाकारले आणि निवेदकाला काही दिवसांनी प्रसारणात दुरुस्ती करावी लागली. पण तोवर ती गोष्ट देशभर पसरली होती.

निष्पत्ती

निकाल एकात एक गुंतलेले आहेत, आणि दोन्ही बाजूंनी आपापला तुकडा उचलून विजय साजरा केला.

२००९ मध्ये पाचव्या विभागाच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या कक्षेत येते त्या, संघराज्य अपील न्यायालयाने २००५ चे धोरण वैध ठरवले. मजकुराकडे न बघता वेळ आणि जागेची मर्यादा घालणारा नियम शाळा करू शकते. हा शाळेचा विजय.

मुख्याध्यापिकांचा मुद्दा वेगळा चालला. २०१० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यांना बचाव नाकारला. मग पूर्ण न्यायालय बसले आणि २७ सप्टेंबर २०११ रोजी बराच लांबलचक, अनेक स्वतंत्र मतांचा निकाल आला. एका बहुमताने सांगितले की प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही पहिली दुरुस्ती लागू आहे. मुलाने मुलाला दिलेली वस्तू केवळ तिच्यातल्या धार्मिक विचारामुळे अडवणे घटनाबाह्य आहे. दुसऱ्या बहुमताने सांगितले की २००३-०४ मध्ये हा कायदा इतका स्पष्ट नव्हता, त्यामुळे मुख्याध्यापिकांना वैयक्तिक जबाबदार धरता येणार नाही. तत्त्व पालकांना मिळाले, सुटका मुख्याध्यापिकांना. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण हाती घ्यायला नकार दिला.

तोवर तिसरीतला मुलगा हायस्कूलमध्ये होता.

एक धागा तरीही उरला होता. त्या मुलाच्या वडिलांना २००३ च्या पार्टीत हजर असलेल्या इतर पालकांनाही तेच पेन द्यायचे होते आणि त्यालाही नकार मिळाला होता. मोठ्यांनी मोठ्यांना देण्याचा हा प्रश्न २०१४ पर्यंत चालला. तिथेही मुख्याध्यापिकेला वैयक्तिक जबाबदारीतून मोकळे करण्यात आले.

राज्याच्या राजकारणाने यातून आपले काढून घेतले. टेक्ससने २००७ मध्ये शाळेत विद्यार्थ्यांच्या धार्मिक मतांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा केला. २०१३ मध्ये लोक ज्याला ‘मेरी ख्रिसमस कायदा’ म्हणतात तो आला: शिक्षक-विद्यार्थी बिनधास्त ‘मेरी ख्रिसमस’ किंवा ‘हॅपी हनुका’ (हनुका हा ज्यूंचा सण) म्हणू शकतात, आणि शाळेत नाताळाची आरास करता येते, फक्त सोबत दुसऱ्या धर्माचे किंवा निधर्मी असे एखादे चिन्ह हवे.

दुसऱ्या राज्यांत हीच वस्तू वेगळ्या ठिकाणी जाऊन पोहोचली. मॅसॅच्युसेट्समधल्या हायस्कूलच्या मुलांनी कार्ड लावलेल्या कँडी केन वाटल्या म्हणून शाळेने त्यांच्यावर कारवाई केली. २००३ मध्ये न्यायालय मुलांच्या बाजूने उभे राहिले. मिशिगनमध्ये डिसेंबर २००३ मध्ये पाचवीतल्या मुलाने पाइप क्लीनरच्या, म्हणजे हस्तकलेच्या मऊ केसाळ तारेच्या, कँडी केन बनवून कार्डासह विकायला ठेवल्या होत्या, पण ती विक्री वर्गातल्या बाजारपेठेच्या प्रकल्पाचा भाग होती. प्रकल्प शाळेचा, म्हणून २००८ मध्ये शाळा जिंकली. मिठाई आणि आख्यायिका तीच. बदलले ते मुलाचे वय, वेळ, आणि त्या क्षणी वर्गात अभ्यास चालला होता की मोकळा वेळ होता हे.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा पार्टीच्या आधीची. पालकांनी आधी विचारले होते, ही शाळेला मिळालेली भेटच म्हणायची. विचारणारा पालक अजून कोर्टात गेलेला नसतो. त्या वेळी तोंडी ‘नाही’ देण्याऐवजी डिस्ट्रिक्टच्या वकिलाकडून दोन ओळी लेखी घेऊन, आणि मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर वाटायची सोय देऊन पाठवता आले असते. नकार पार्टीपुरता राहिला असता, वस्तूवर आला नसता. माझ्या मते सगळ्यात स्वस्त संधी हीच होती.

दुसरी जागा ब्राउनी आणि पेन्सिलची. मला हा क्षण पहिल्यापेक्षाही जास्त अडचणीचा वाटतो. एकाच मुलीच्या हातातली एक वस्तू आत आणि दुसरी बाहेर. नियम काय आहे, हे मग लहान पोरीलाही कळते: खाऊ चालतो, माझा देव चालत नाही. दोन्ही थांबवले असते तर वाईट वाटले असते, पण हा संदेश गेला नसता. आणि इमारतीबाहेर, शाळा सुटल्यावर अडवल्याचा आरोप खरा असेल, तर त्याला शाळेकडे काहीच उत्तर नाही. तिथे वर्ग नाही, पार्टी नाही, शिक्षकांची देखरेखही नाही.

तिसरी, पालकांची बाजू. वैयक्तिक दावा लावल्याने दबाव वाढला हे खरे. पण २००५ च्या धोरणाने मुलांना पार्टीत वाटायची मुभा मिळालीच होती. त्यानंतरची नऊ वर्षे भरपाई आणि तत्त्वासाठी गेली. तत्त्व मिळाले, हे नाकारता येत नाही. त्या मुख्याध्यापिकांच्या नावांसह ते मिळायला हवे होते का, याबद्दल मला शंका आहे.

कार्ड मिळणाऱ्या मुलांचा विचार या कागदपत्रांत फार कमी आहे. निकालात देणाऱ्याचा हक्क पानोपानी येतो. घेणाऱ्याला नको म्हणायची सोय असावी, हे त्या मानाने थोडक्यात येते. टेबलावर ठेवा, हवे तो घेईल, ही २००५ च्या धोरणातली तरतूद मला म्हणूनच आवडते. पार्टीत मात्र पिशवी थेट हातात येते. तिथे पिशव्या बंद करून घरी नेण्यासाठी द्यायच्या, वर्गात उघडायच्या नाहीत, एवढा साधा नियम बरेच ताण कमी करू शकतो. मजकुराला हातही लावावा लागत नाही.

हाच नियम तिकडच्या मराठी घरांना जानेवारीत उपयोगी पडतो. संक्रांतीला वर्गात तिळगूळ आणि सोबत सणाची माहिती देणारे छापील कार्ड पाठवायचे असेल, तर कँडी केनच्या कार्डाला जी वेळ आणि जागा, तीच त्याला. कार्ड अडणार नाही. वडी मात्र अडू शकते, आणि त्याचा धर्माशी संबंध नाही: २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा ॲलर्जी आणणाऱ्या नऊ प्रमुख पदार्थांच्या अधिकृत यादीत आहे, आणि शेंगदाणा तर आधीपासूनच.

राहिला वडिलांच्या पेनांचा प्रश्न. पार्टीला मदतीला येणाऱ्या पालकांसाठी बऱ्याच शाळांत एक फॉर्म असतो: ओळखपत्र, येण्या-जाण्याची वेळ, कोणत्या वर्गात. मोठ्यांनी इतर मोठ्यांना काही द्यायचे असेल तर ते वर्गाबाहेर, ही ओळ त्यात आधीच असती तर २०१४ पर्यंत चाललेला भाग निदान पार्टीच्या दिवशी दारात सुरू झाला नसता. आजही अशी ओळ आपल्या शाळेच्या फॉर्मवर आहे का, हे डिसेंबर उजाडण्याआधी कार्यालयात जाऊन बघता येते.